मणे उचलेपर्यंत गाडी थांबायची

माझी पत्रकं सगळी कन्नडमध्ये आहेत. बसची भाडेवाढ, तळ्यातलं बांधकाम, कचरा वेचणाऱ्या बायकांचे हातमोजे, जे लिहिलं ते कन्नडमध्ये, कारण भांडण जिथलं असतं तिथल्याच भाषेत करावं लागतं. हे प्रकरण मात्र घरच्या भाषेत लिहिते आहे. आमची मराठी ही चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या शिंप्यांची मराठी. पुण्याहून कंपन्यांत आलेली मंडळी ती ऐकून गालातल्या गालात हसतात, हसू देत. घरात मला जे बोललं गेलं आणि जे बोलायला हवं असूनही बोललं गेलं नाही, ते या भाषेतलं आहे. शिवाय ‘माझं चुकलं’ हे वाक्य पत्रकात बसत नाही. मी बसवून पाहिलं आहे. आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं आमच्या संघटनेतले लोक म्हणतात. मला आता कुठे पस्तिसावं लागलंय हे खरं. पण अक्का पंचाहत्तरीला आली, आणि हे तिच्या हयातीत लिहिलेलं बरं.

अक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, म्हणून आईही म्हणे, म्हणून मीही, आणि गाडीला येणाऱ्या बायका तिला ‘टिकेट-अक्का’ म्हणत. नवरा लवकर गेला, ती भावाकडे परत आली आणि हुणसेकट्टे हॉल्टवर तिकिटं विकायचं काम तिने घेतलं. हॉल्ट म्हणजे काय हे आता तिथे फ्लॅट घेणाऱ्यांना ठाऊक नसतं. येलहंका सोडून गाडी उत्तरेला निघाली की लागणारी ही जागा: स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही, हमाल नाही. एक खोली, तिला एक खिडकी, एक चिंच, आणि रुळांच्या बरोबरीची मुरमाची लांब पट्टी, तिला प्लॅटफॉर्म म्हणायचं. अशा ठिकाणी रेल्वे आपला माणूस नेमत नाही. गावातल्याच कुणाच्या तरी हाती तिकिटं देते आणि विक्रीवर थोडं कमिशन. पगार नाही, रजा नाही, आजारी पडायची सोय नाही. हे शोषण आहे, असं मी कॉलेजात गेल्या गेल्या अक्काला समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असेल गं. पण खिडकी माझी आहे.”

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज तारखेच्या यंत्राचा असायचा. पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, त्यांच्या कडेवर तारीख दाबायची एक लोखंडी चाप, ठक्-ठक्, ठक्-ठक्. अक्का ते काम स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसून करायची, म्हणजे आईशी बोलता यायचं. आई तोवर उप्पीट परतत असे, थंडीच्या दिवसांत त्यात अवरेकाळू, म्हणजे आपले पावट्याचे दाणे, आणि सगळ्या घराला त्या कोवळ्या शेंगांचा उग्र, तेलकट वास. मग डोक्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं जायची आणि बाबा दाढी करताना हात थांबवायचे, कारण भिंतीवरचा आरसा थरथरायचा. बाबांचं शिलाईचं दुकान येलहंक्यात; जवानांच्या पँटी आखूड करण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणत, देशाचं रक्षण करणाऱ्यांचे पाय सरकारने कधी मोजलेलेच नाहीत. आमच्या घरातला विनोद एवढाच. अक्का डब्यात उप्पीट, बाटलीत ताक आणि पिशवीत तिकिटं घेऊन निघायची, आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्यामागे.

हॉल्टचा इतिहास मला तिने चिंचेखाली बसून सांगितला. कुठल्या कागदावर तो मला सापडलेला नाही. तिच्या लहानपणी तिथे गाडी थांबतच नव्हती. चढ होता, मीटरगेजची कोळशाची गाडी तिथे दमायची, आणि तेवढ्यात बायका टोपल्या आत फेकून चढून घ्यायच्या. पुढे कुणा शहाण्या साहेबाच्या लक्षात आलं की ही माणसं चढणारच आहेत, तर गाडी थांबवलेली बरी. म्हणजे हा थांबा कुणी दिला नव्हता, बायकांनी तो घेतला होता. हे वाक्य पुढे मी पत्रकात वापरलं, आणि त्या पत्रकातलं ते एकमेव वाक्य आजही मला आवडतं.

मग ब्रॉडगेज आलं. रूळ रुंद झाले, डबे मोठे आणि उंच झाले, प्लॅटफॉर्म होता तिथेच राहिला. डब्याची पहिली पायरी बायकांच्या मांडीला लागू लागली. साडीत, डोक्यावर टोपली घेऊन. तेव्हा रूळ बदलणाऱ्या गँगच्या मुकादमाने रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा एक तुकडा कापून अक्काला दोन पायऱ्यांचं एक धूड करून दिलं. बसायच्या पाटाला इथे मणे म्हणतात. त्या धुडालाही सगळ्या मणेच म्हणायच्या. गाडी आली की अक्का खिडकीला कडी घालून मणे बायकांच्या डब्यासमोर नेऊन ठेवायची. एकेक बाई मणेला हात लावून तो कपाळाला टेकवायची, मग पाय ठेवून वर जायची. सगळ्या चढल्या की अक्का मणे उचलायची आणि मागे बघून हात वर करायची. मागच्या डब्यात नारायणप्पा गार्ड हिरवं निशाण गुंडाळून उभा असायचा. अक्काचा हात वर गेला की निशाण उलगडायचं. त्या आधी कधीच नाही. वेळापत्रकात आमच्या हॉल्टला एक मिनिट होतं.

नारायणप्पा हिंदूपूरकडचा, पोट सुटलेला, बोलायला मंद. शुक्रवारी बायका त्याला अबोलीचा एक हातभर गजरा द्यायच्या, देवाच्या तसबिरीसाठी. तो निशाणाच्या काठीला गुंडाळून ठेवायचा. गजरा मुनियम्माच्या टोपलीतला. मुनियम्मा सगळ्यांत म्हातारी, अबोली आणि शेवंती घेऊन शहरात बसवनगुडीच्या एका देवळासमोर बसणारी. सकाळच्या गाडीने गेली तर तिला पायरीजवळची जागा मिळे, उशीर झाला तर चपलांजवळची. तिचा एक गुडघा वाकत नव्हता. ती चढताना अक्का एका हाताने मणे आणि एका हाताने तिची कंबर धरायची, आणि म्हणायची, “निधान, निधान, सावकाश, मुनियम्मा, गाडी काही पळून जात नाही.” आणि खरंच जात नसे. तिथे वाढलेल्या मला गाडी हा माणसांसाठी थांबणारा प्राणी वाटायचा.

एकोणिसाव्या वर्षी मी पत्रकं लिहायला शिकले. शिकवणारे शिवराज अण्णा, आमच्या गटातले सर्वांत जुने. ते म्हणायचे, रडू नकोस, मोज. भावनेला साहेब उत्तर देऊ शकतो, घड्याळाला देऊ शकत नाही. मी माझ्यासाठी विषय शोधत होते आणि तो तर माझ्या घरातून रोज पिशवी घेऊन निघत होता. स्वातंत्र्य मिळून इतका काळ लोटला आणि आमच्या आया लाकडाच्या तुकड्यावरून गाडीत चढतात. लाज वाटली पाहिजे. मी चौदा दिवस चिंचेखाली घड्याळ घेऊन बसले. अक्काला सांगितलं, अभ्यासासाठी बसते. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, रोज लिहिलं. एका शुक्रवारी मैत्रिणीच्या फोनवर फोटो काढला. फोटो अप्रतिम आला, हे मला आजही म्हणावं लागतं. मुनियम्माचा एक पाय मणेवर, एक हवेत, अक्का वाकलेली, आणि मागे, स्वच्छ उन्हात, निशाण गुंडाळून उभा गार्ड, काठीला अबोलीचा गजरा.

पत्रकात मी लिहिलं की प्लॅटफॉर्म बुटका असल्यामुळे ही गाडी रोज तीन ते चार मिनिटं थांबवून ठेवावी लागते. चौदा दिवसांच्या वेळा खाली छापल्या. प्लॅटफॉर्म ताबडतोब उंच करा, ही मागणी ठळक अक्षरांत. शिवराज अण्णांनी वाचलं आणि म्हणाले, याला म्हणतात पुरावा. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. गठ्ठा घरी आणला तेव्हा अक्काने फोटो पाहिला, पदर नीट नाही म्हणाली, आणि जेवायला बसली. खालच्या वेळा तिने वाचल्या नाहीत, आणि मी वाचून दाखवल्या नाहीत. रेल्वेच्या वरच्या ऑफिसला पत्रक मी स्वतः पाठवलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. ती गुलाबी पावती परत आली तेव्हा मी ती भिंतीवर लावली.

तीन आठवड्यांनी दोन माणसं मोजायची फीत घेऊन आली. मी धावत गेले. मला वाटलं, प्लॅटफॉर्म मोजायला आली. त्यांनी मणे मोजली. लांबी, रुंदी, उंची. एकाने नखाने खरवडून लाकूड पाहिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, “स्लीपरचंच आहे. रेल्वेचा माल.” मग त्यांनी अक्काला विचारलं, गाडी सोडायची खूण तुम्ही करता का. अक्काने आयुष्यात खोटं बोलून पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, “हात वर करते, साहेब. बाया चढल्या की.” त्यांनी ते लिहून घेतलं. फोटोतल्या गजऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे गार्डला कोण देतं, आणि कशाच्या बदल्यात. मी मध्ये बोलायला गेले, की हे पत्रक माझं आहे, मुद्दा प्लॅटफॉर्मचा आहे. त्यातला वयस्कर माणूस माझ्याशी फार नीट वागला. म्हणाला, तुम्ही फार मुद्देसूद लिहिलंय, अम्मा, आम्हाला काही शोधावंच लागलं नाही.

मणे ते घेऊन गेले. नारायणप्पाला चौकशीत घातलं आणि मालगाडीवर पाठवलं. निवृत्तीला त्याची थोडी वर्षं उरली होती. महिना संपता संपता अक्काची खिडकी गेली, कारण तिकीट विकणाऱ्याने गाडीच्या सुटण्यात ढवळाढवळ केली. आणि त्या गाडीवर नवा गार्ड आला, तरुण, घाबरलेला, घड्याळाकडे बघणारा. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात बहुतेक माझं पत्रक दिलं असेल.

त्यानंतरची पहिली सकाळ मला क्षणाक्षणाने सांगता येते. अक्का सवयीने निघाली, पिशवी न घेता, आणि बायकांमध्ये उभी राहिली. मी दुसऱ्या पत्रकाचा गठ्ठा घेऊन गेले होते. त्यात या कारवाईचा निषेध होता. गाडी आली. तरण्या बायका टोपल्या वर फेकून दांडीला लोंबकळत चढल्या. कुणीतरी मुनियम्माची टोपली वर घेतली. ती खाली. तिने गुडघा उचलून पाहिला, नाही जमलं. मी गठ्ठा मुरमावर टाकला आणि तिच्यासमोर हातापायांवर ओणवी झाले, पाठ सपाट केली. म्हटलं, ठेवा पाय. तिने ठेवला नाही. तिने माझ्या पाठीला हात लावला, तो कपाळाला नेला, मणेला करायची तसंच, आणि थांबली. दुसऱ्याच्या लेकीला पाय कसा लावायचा. मी ओरडले असेन. अक्काही म्हणाली, “ठेव गं, मुनियम्मा, ती मोठी आहे आता.” तिने पाय उचलला, परत खाली ठेवला. शिट्टी वाजली. मला माझ्या दोन हातांच्या मधून रूळ दिसत होता, आणि त्यावरून चाक फिरायला लागलेलं दिसलं.

टोपली गेली, मुनियम्मा राहिली. ती काही बोलली नाही. तिने माझ्या तळहातांवरचा मुरूम झटकला. मग ती चिंचेखाली जाऊन बसली आणि संध्याकाळी टोपली परत येईपर्यंत तिथेच बसून होती. बायकांनी तिची फुलं विकायचा प्रयत्न केला होता, चपलांजवळ बसून. त्यानंतर ती दोन बस बदलून जाऊ लागली, मग जाईनाशी झाली.

घरी आल्यावर मी रडले आणि व्यवस्थेला शिव्या दिल्या, दोन्ही एकदम. अक्का अवरेकाळू सोलत होती. कोमट पाण्यात भिजवलेला दाणा बोटांनी दाबला की सालातून टपकन बाहेर पडतो. ती एकेक दाबत होती. मी म्हटलं, अक्का, मला काहीतरी बोल. तिने आणखी चार दाणे सोलले. मग म्हणाली, “तू खोटं एक अक्षर लिहिलं नाहीस, वैजू. मी नंतर वाचलं सगळं.” आणि साली एकीकडे सारत, “मला विचारलं असतंस, तर कुठलं खरं लिहायचं नाही ते सांगितलं असतं.” बाबा आत आले, त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि जवानांच्या पायांबद्दल काही न बोलता बाहेर गेले. त्या हिवाळ्यात ठक्-ठक् आवाज नव्हता. आई उगाचच भांडी आपटायची.

मी पत्रं लिहिली. गार्डचा दोष नाही, त्याने माणुसकीने गाडी थांबवली, असं लिहिलं. म्हणजे गाडी थांबवली हे पुन्हा एकदा लेखी दिलं. गजरा देवासाठी होता असं लिहिलं. म्हणजे गजरा होता. मला एकच विद्या येत होती आणि ती विद्या ज्याला हात लावेल ते पुरावा होऊन बाहेर पडत होतं. मणे परत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, अशी कोणतीही वस्तू नोंदीत नाही. म्हणजे ज्या लाकडासाठी माणसाचं काम गेलं ते लाकूडच नव्हतं. याचा राग मला अजून येतो, आणि तो राग मला आवडतो, कारण तेवढा वेळ मी स्वतःकडे बघत नाही.

नारायणप्पाला मी एकदाच भेटले, तो निवृत्त झाल्यावर, हिंदूपूरच्या अलीकडे त्याच्या गावी. माफी मागायची म्हणून बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. त्याने ऐकून घेतली, मान हलवली, बायकोला कॉफी सांगितली. मग भिंतीकडे बोट दाखवलं. काचेच्या फ्रेममध्ये माझं पत्रक होतं, वेळांचा भाग आत दुमडून, नुसता फोटो दिसेल असं. गणवेशात, निशाणासकट त्याचा एवढा एकच फोटो होता. त्याची बायको म्हणाली, “छान काढलाय. उभा कसा आहे बघा.” मी कॉफी प्यायले. माझी पाठ केलेली वाक्यं तिथेच राहिली.

प्लॅटफॉर्म उंच झाला. तोही मी सांगितलं म्हणून नाही. आजूबाजूला फ्लॅटचे टॉवर उठले, विजेच्या तारा आल्या, मग एक दिवस फरशीचा लांब, सरळ, डब्याच्या दाराशी बरोबर जुळणारा प्लॅटफॉर्म झाला. चिंच पुलाच्या जिन्यासाठी गेली. खिडकीवर पत्रा मारलाय. सकाळी तिथे पाठीवर लॅपटॉप लावलेली मुलं-मुली उभी असतात, नागपूरची, पुण्याची, तिकीट मोबाइलमध्ये, कानात काहीतरी. त्यांनाही वेळेवर पोचायचं असतं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ज्यांच्यासाठी तो प्लॅटफॉर्म मागितला त्या बायका आता टेम्पोने जातात, किंवा जात नाहीत. उंचीच्या विजयाबद्दल आमच्या गटाने छोटा कार्यक्रम ठेवला तेव्हा मला बोलायला सांगितलं. मी गेले नाही. आमच्याकडे आता एक रीत आहे, मी लावलेली: पत्रकात ज्याचा हात, पाय, पदर दिसतो त्याला सगळं पत्रक मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. नवी मुलं कंटाळतात. वेळ जातो म्हणतात. जातो.

गेल्या महिन्यात अक्काचे डोळे दाखवायला शहरात जायचं होतं. मी रिक्षा बोलावत होते. ती म्हणाली, गाडीने जाऊ, बघू तरी. खिडकी गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. आम्ही पूल ओलांडून प्लॅटफॉर्मवर आलो. तिने फरशीवर चप्पल घासून पाहिली. “सरी, ठीक, चांगला केलाय,” एवढंच म्हणाली. गाडी आली, दार आमच्यासमोर आलं, आत जायला पाऊल टाकलं की झालं. अक्काने पाऊल टाकलं नाही. तिने पाय गुडघ्यापर्यंत वर उचलला, चढायला उचलतात तसा, आणि खाली काहीच उंच नसल्यामुळे ती तोल जाऊन आत आली. एका मुलाने तिला धरलं आणि आपली जागा दिली. ती बसली नाही. दाराची दांडी धरून ती परत वळली, सगळ्या चढल्या का बघितलं, आणि मागच्या डब्याकडे तोंड करून हात वर केला.

गाडी केव्हाच सुटली होती.